धक्क्याला बांधून ठेवलेली लाँच : एका जुन्या लाकडी प्रवासी बोटीचं प्रकरण

कोकणातल्या एका खाडीत चाळीसहून जास्त वर्षं माणसांची ने-आण करणारी लाकडी लाँच एका पावसाळ्यात धक्क्यालाच बुडाली. वादळ नव्हतं, टक्कर झाली नव्हती, लाँचवर त्या वेळी कोणी नव्हतं. ती ठेवायची की काढून टाकायची यावर गावात दोन तट होते. पण बुडावी असं कोणालाच वाटत नव्हतं. तरीही ती गेली. ती कशी गेली, कुठल्या टप्प्यावर कोणी काय ठरवलं आणि काय ठरवायचं राहून गेलं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

गाव, खाडी, संस्था आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. पारंपरिक लाकडी बोटींची मोजमापं घेऊन त्यांची नोंद ठेवण्याचं काम मी करतो. गावाच्या मुंबई मंडळाने बोलावलं म्हणून मी तिकडे गेलो, त्यामुळे आधीचा भाग ऐकीव आहे आणि शेवटचा डोळ्यांनी पाहिलेला.

पार्श्वभूमी

कोकणची किनारपट्टी खाड्यांनी कापलेली आहे. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर खाडीच्या मुखापासून आत पुलापर्यंत आणि परत बाहेर असा वळसा. म्हणून प्रत्येक खाडीला तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी बोट, होती. आधी वल्ह्याची आणि शिडाची होडी, मग इंजिनाची लाँच. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी पडावातून किनाऱ्याला लागायची. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतरच्या पिढीसाठी कुठल्याही बोटीबद्दलचा पहिला प्रश्न ‘सुरक्षित आहे का’ हाच होता. या लाँचबद्दल जुनी माणसं बोलायला लागली की सुरुवात त्यानेच करायची: एवढ्या वर्षांत एक माणूस पाण्यात पडलं नाही.

लाँच साठच्या दशकात खाडीकाठीच बांधलेली. मालकी गावातल्या वाहतूक सहकारी संस्थेची. बांधणाऱ्या मेस्त्रींनी कागदावर एक रेघ मारली नव्हती. तळाचा कणा आधी आडवा टाकला, नाळ म्हणजे पुढच्या टोकाचा खांब आणि मागचा खांब उभा केला, मग डोळ्याने पोट धरत फळ्या चढवल्या. बाहेरच्या फळ्या सागवानी. आतल्या फासळ्यांसाठी मुळातच वाकडी वाढलेली लाकडं शोधून आणलेली, कारण सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर रेषा तुटतात आणि जोर आला की तिथेच ते मोडतं. सांध्यांत कापसाचे पीळ ठोकलेले. वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना लांब बाकं, मध्ये इंजिनाची पेटी. पन्नासेक माणसं बसायची. शाळेची मुलं, बाजाराला जाणाऱ्या बायका, आंब्याच्या पेट्या, नवरदेवाचं वऱ्हाड, आणि कधी दवाखान्यात न्यायचं माणूस खाटेसकट.

मग रस्ते आले. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर एकेका खाडीला पूल होत गेले. जिथे पूल झाला नाही तिथे वाहनं नेणारी लोखंडी फेरीबोट आली. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे मार्गावर ती सुरू झाली आणि पुढे इतर खाड्यांतही पसरली; लोक तिला जंगलजेटी म्हणतात. दुचाकी, रिक्षा, ट्रक, एसटी सगळं तिच्यावर चढतं. या गावातही ती आली. लाकडी लाँचवर फार तर तीन-चार मोटरसायकली आडव्या चढवता येत, त्याही चार माणसांनी उचलून. दुचाकी दारात आल्यावर लोक लाँचसाठी थांबेनासे झाले. थोडे दिवस लोखंडी बोट बंद पडली तर पर्याय म्हणून लाँच ठेवली, मग तीही गरज उरली नाही. परवान्याची मुदत संपली, तिचं नूतनीकरण झालं नाही. लाँच जुन्या धक्क्याला बांधली गेली आणि तिथेच राहिली.

अडचण

लाकडी बोट चालत असते तोवर तिची निगा आपोआप राखली जाते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. 1917 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली सर्वेक्षणाचा दाखला जास्तीत जास्त एक वर्षाचा मिळायचा (2021 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली). दाखला हवा तर बोट दरवर्षी पाण्याबाहेर काढावीच लागे. बाहेर काढली की तळ खरवडला जाई, सांधे तपासले जात, कुजकी फळी बदलली जाई, चुना-तेलाचा लेप चढे. गावाला वाटायचं हे सगळं सरकारी कागदासाठी चाललंय. खरं म्हणजे त्या एका कागदामुळेच लाँच एवढी वर्षं टिकली. प्रवासी वाहतूक थांबली, कागदाची गरज संपली, आणि त्याबरोबर दरवर्षीचं बाहेर काढणंही संपलं.

खलाशांचा पगारही थांबला. त्यात वाईट हेतू काही नव्हता, उत्पन्नच नव्हतं. पण तळात रोज थोडं पाणी येतंच, प्रत्येक लाकडी बोटीत येतं, आणि ते उपसायला रोज कोणीतरी लागतं. ते काम लाँचच्या निवृत्त तांडेलांनी, म्हणजे ती चालवणाऱ्यांनी, आपणहून अंगावर घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, सकाळी दूध घालून झालं की धक्क्यावर यायचा, हातपंप मारायचा, दोर बघायचा. संस्थेच्या दप्तरात याची कुठेही नोंद नव्हती. लाँच तरंगते आहे म्हणजे ठीक आहे, एवढंच सगळ्यांना दिसत होतं.

पाण्याखाली मात्र दुसरंच चाललं होतं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो आत शिरतो आणि मग फळीच्या आतल्या आत बोटभर जाडीची नळी कोरत जातो. बाहेरून फळी धड दिसते, आतून ती जाळी झालेली असते. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की त्याचा जोर कमी होतो. पण पाऊस ओसरल्यावर पाणी पुन्हा खारं होतं आणि पुढच्या पावसापर्यंत त्याला मोकळं रान मिळतं. चालत्या बोटीवर त्याला सहज बस्तान बसवता येत नाही, आणि बसलंच तर दरवर्षीच्या खरवडण्यात-लेपात तो मरतो. धक्क्याला बांधलेल्या, कोणी न हलवलेल्या बोटीवर त्याला काहीच अडत नाही.

वरच्या अंगाला उलटा प्रकार. खाऱ्या पाण्यात सतत बुडालेलं लाकूड बुरशीने फारसं कुजत नाही. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. छपराचा पत्रा दोन जागी फुटला होता आणि तिथून पाणी फासळ्यांच्या माथ्यावर उतरत होतं. म्हणजे खालून पोखरणं आणि वरून कुजणं, दोन्ही एकाच वेळी.

समोर असलेले पर्याय

पहिली मोठी बैठक गणपतीत झाली, कारण तेव्हाच चाकरमानी गावात असतात. मुंबई मंडळाच्या तरुणांची इच्छा होती की लाँच जपावी. संस्थेच्या संचालकांना ती जागा मोकळी करून हवी होती. मी पोचलो तेव्हा चार पर्याय चर्चेत होते.

पहिला, विकून टाकायची. एका भंगारवाल्याने किंमत सांगितली होती, ती जवळजवळ सगळी इंजिनाची आणि बोट पुढे ढकलणाऱ्या पितळी पंख्याची. लाकडाला तो जळणाचा भाव देत होता.

दुसरा, दुरुस्त करून पर्यटकांसाठी चालवायची. ऐकायला हा सर्वांत गोड वाटत होता, पण त्यासाठी नव्याने सर्वेक्षण, नवं इंजिन, जीवरक्षक जॅकेटं, परवानाधारक तांडेल आणि बदललेल्या फळ्या इतकं सगळं लागणार होतं. मेस्त्रींच्या अंदाजाने खर्च नव्या फायबर बोटीच्या किमतीच्या जवळ जात होता. शिवाय ज्या मेस्त्रींना हे काम येत होतं ते एकटेच उरले होते आणि त्यांची मुलं फायबरच्या कामात गेली होती.

तिसरा, पाण्याबाहेर काढून धक्क्याशेजारी शेड बांधायची आणि लोकांना बघायला ठेवायची. मंडळाचा कल इकडे होता. यातली अडचण अशी की कोरड्यावर आणली म्हणजे बोट वाचली असं होत नाही. पाण्यात असताना तिच्या पोटाला सगळीकडून सारखा आधार असतो. जमिनीवर ती कण्यावर आणि दोन-चार टेकूंवर उभी राहते, आणि टेकू नीट नसले तर स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकते. फळ्या वाळून फाटतात. अमेरिकेतली ‘वापामा’ ही 1915 साली बांधलेली, लाकूड आणि प्रवासी दोन्ही वाहणारी लाकडी आगबोट तिथल्या सरकारने राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केली होती. ती पाण्याबाहेर काढून वर्षानुवर्षं तराफ्यावर ठेवली. तरी लाकूड कुजत गेलं, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि शेवटी 2013 मध्ये ती मोडावी लागली. एवढा पैसा आणि एवढी यंत्रणा मागे असताना! हे उदाहरण मी बैठकीत सांगितलं, ते शेड नको म्हणून नव्हे. शेड बांधायची तर दरवर्षीच्या खर्चाची सोय आधी करावी लागेल, एवढंच मला म्हणायचं होतं.

चौथा पर्याय माझा होता आणि तो कोणालाच आवडला नाही. आधी लाँचची पूर्ण मोजमापं घ्यायची, आकृत्या काढायच्या, तांडेल आणि मेस्त्रींच्या मुलाखती नोंदवायच्या. मग नाळ, सुकाणू, इंजिन, एखादा आडवा छेद असे भाग उतरवून शाळेत ठेवायचे आणि उरलेली बोट सन्मानाने मोडायची. मंडळातल्या एका तरुणाने विचारलं, “सर, तुम्ही वाचवायला आलात की तोडायला?” त्याचा राग मला समजत होता. त्याची आजी याच लाँचमधून लग्न होऊन या गावात आली होती.

कायद्याचा आधार मिळेल का, हेही तपासलं. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात वस्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते, म्हणजे ही लाँच त्यात बसतच नव्हती. जुनी इमारत, देऊळ, किल्ला यांच्यासाठी अर्ज करायला खिडकी आहे. खाडीतल्या साठेक वर्षांच्या बोटीसाठी अशी खिडकी आम्हाला सापडली नाही.

निर्णय झाला तो असा: तत्त्वतः तिसरा पर्याय मान्य, समिती नेमावी, शिमग्यापर्यंत निधी गोळा करावा, तोवर लाँच आहे तिथे राहू द्यावी. हे शेवटचं वाक्य इतिवृत्तात सहज लिहिलं गेलं, त्यावर चर्चा झाली नाही. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता. ‘तोवर पाण्यात’ हा पाचवा पर्याय कोणी मांडला नव्हता, आणि निवडला गेला तोच.

शिमग्याची तपासणी

शिमग्यात मेस्त्री, तांडेलकाका आणि मी असे तिघे मोठ्या ओहोटीला लाँचच्या पोटाशी उतरलो. गुडघाभर चिखल. मेस्त्रींनी हातोडी घेऊन नाळेपासून एकेक फळी वाजवायला सुरुवात केली. चांगली फळी ठणकन बोलते. कण्यालगतच्या दुसऱ्या फळीवर आवाज बसला. त्यांनी कमरेची आरी काढली आणि तळव्याने दाबली. ठोकलीसुद्धा नाही. आरी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकावर ओला भुसा आणि पांढरी चुन्याची कणी होती. तो जीव आपल्या नळीला आतून चुन्याचं अस्तर करतो, त्याची ती खूण. त्या फळीवर निळा रंग अजून चकचकीत होता. मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी खडूने फुली मारली आणि पुढे सरकले. उजव्या अंगाच्या तीन फळ्या आणि नाळेचा पाया, एवढ्यावर फुल्या पडल्या. खिळ्यांभोवतीही लाकूड काळं पडलं होतं. लोखंडी खिळा गंजला की भोवतीचं लाकूड खातो.

वर आल्यावर मेस्त्री म्हणाले, “मे महिन्याच्या उधाणाला चढवा. त्यानंतर माझ्याकडे येऊ नका.” हे त्यांनी तीनदा सांगितलं. जड बोट ओढून वर घ्यायची तर सर्वांत मोठी भरती लागते, आणि ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच असते. एक उधाण चुकलं की पंधरा दिवस गेले. मेमध्ये अशा संधी दोन, फार तर तीन.

काय केलं आणि काय राहिलं

त्या आठवड्यात आम्ही अर्धी मोजमापं घेतली. उरलेली लाँच वर चढल्यावर घेऊ असं ठरलं, कारण चिखलात तळाची मापं नीट मिळत नव्हती.

निधीची वर्गणी जमली, अपेक्षेपेक्षा बरी. मग ती अडकली मालकीवर. मंडळाचं म्हणणं, लाँच आधी आमच्या नावावर करा, मग पैसे घालतो. उद्या संस्थेने विकली तर लोकांना काय तोंड दाखवू? संस्थेचं म्हणणं, पैसे आधी दाखवा, मग हस्तांतर. शेड उभी राहिली नाही तर सहकार खात्याला उत्तर आम्हाला द्यावं लागेल. दोघांचंही बरोबर होतं. त्यात ठराव, सर्वसाधारण सभेची नोटीस, सह्या यांत एप्रिल गेला.

मेमध्ये करारनामा तयार झाला तेव्हा बोट ओढायची जागाच मोकळी नव्हती. 1 जूनपासून मासेमारी बंदी लागते, म्हणून मेच्या शेवटी सगळ्या मच्छीमार बोटी वर चढतात. गावात ओढायचा उतार एकच, ओढयंत्र एकच. मच्छीमार सोसायटीने आपली पाळी सोडून द्यावी अशी अपेक्षा करणं चुकीचं होतं; त्यांचं पोट त्यावर आहे. आधीच्या उधाणाला जागा होती, पण तेव्हा करारावर सह्या नव्हत्या. सह्या झाल्या तेव्हा जागा नव्हती. गणपती आणि शिमगा या दोन सणांच्या मेळानुसार माणसं ठरवत होती. लाँचचं वेळापत्रक मात्र भरती-ओहोटी आणि मृगाच्या पावसावर चाललं होतं.

शेवटचा उपाय म्हणून लाँच झाकायचं ठरलं. जुन्या पद्धतीत बोट शाकारतात, म्हणजे नारळाच्या झापांचं छप्पर करतात. पाणी ओघळून जातं आणि हवा खेळती राहते. झापं विणायला वेळ आणि माणसं लागली असती. त्याऐवजी निळी ताडपत्री आणून घट्ट बांधली. लांबून लाँच नीटनेटकी दिसत होती. आत हवा कोंडली, आणि मध्ये ताडपत्री खोलगट होऊन तिच्यावर पाणी साचायला लागलं.

आणखी एक गोष्ट याच काळात घडली, तिची कोणी जोड लावली नाही. तांडेलकाकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते मुलीकडे गेले. हातपंप मारायला दुसरं कोणी नेमलं नव्हतं, कारण पहिल्याला कोणी नेमलेलंच नव्हतं.

बुडणं

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात, तीन दिवसांच्या झडीनंतर, लाँच बुडाली. धक्क्यावर दुसऱ्या दिवशी जे दिसलं आणि पुढे मेस्त्रींनी जे तपासलं त्यावरून क्रम असा लागतो.

ताडपत्री मध्ये फाटली आणि साचलेलं सगळं पाणी एकदम आत गेलं. लाँच नेहमीच्या पाणरेषेपेक्षा खाली बसली. त्या रेषेच्या वरच्या फळ्या अख्खा उन्हाळा ऊन खात वाळल्या होत्या, सांधे उघडे होते, कापूस निसटला होता. एरवी ते सांधे पाण्याला लागतच नव्हते, म्हणून कधी गळले नाहीत. आता ते पाण्याखाली गेले आणि दोन्ही बाजूंनी एकदम पाणी येऊ लागलं. लाकूड फुगून सांधे बंद व्हायला काही तास लागतात. तेवढा वेळ मिळाला नाही. त्यात नाळेकडचा दोर आखूड बांधलेला होता. ओहोटीला लाँच धक्क्याकडे कलून दोरावर लटकली, आणि भरती आली तेव्हा पाण्याने जड झालेली ती बाजू उचललीच नाही. भरतीचं पाणी काठावरून आत शिरलं.

पोखरलेल्या फळ्यांनी ती बुडाली असं सगळे म्हणतात. त्यांनी ती कमजोर केली हे खरं. पण त्या रात्री ती बुडाली वरच्या वाळलेल्या सांध्यांमुळे आणि एका आखूड दोरामुळे. हा फरक मी मुद्दाम नोंदवतो, कारण फळ्या बदलायला लाखांत खर्च होता, आणि दोर सैल करून एका माणसाला पंपावर ठेवायला जवळजवळ काहीच नव्हता.

वर काढण्याचा प्रयत्न

इथे पुन्हा दोन रस्ते होते. सावकाश काढायची: ओहोटीला फटी बाहेरून कापड आणि फळकुटांनी बुजवायच्या, पोटाखालून रुंद पट्टे घालायचे, दोन्ही बाजूंना रिकामे ड्रम बांधायचे, पंप लावायचे आणि भरतीलाच तिला उचलू द्यायचं. मेस्त्रींचा आग्रह याचा होता. त्यासाठी पाऊस ओसरायची वाट बघावी लागणार होती. दुसरा रस्ता जेसीबीचा.

परवाना देणाऱ्या खात्याकडून धक्का मोकळा करण्याची सूचना आली, कारण बुडालेल्या लाँचमुळे मच्छीमार बोटींना अडथळा होत होता. मुदत थोडी होती. मुदतवाढीचा अर्ज करता आला असता. कोणी केला नाही. जेसीबी आला. नाळेला साखळी बांधली आणि ओढलं. मी तिथे उभा होतो. चिखलाने तळ धरून ठेवला होता, आत टनांनी पाणी आणि गाळ होता, आणि सगळा जोर नाळेच्या पायावर आला, जिथे मेस्त्रींची खडूची फुली होती. नाळ फळ्यांपासून सुटून एकटीच वर आली. मागे लाँचचं तोंड उघडं पडलं. जेसीबीचा चालक खाली उतरला आणि त्याने इंजिन बंद केलं. त्यानंतर जे झालं ते काढणं नव्हतं, मोडणं होतं.

निष्पत्ती

इंजिन आणि पंखा भंगारात गेले. धड राहिलेल्या काही सागवानी फळ्या संस्थेने लिलावात दिल्या. त्यांतल्या काहींची बाकं झाली असं कळलं. फासळ्या पावसात भिजत पडल्या आणि पुढे जळणाला गेल्या. नाळ मंडळाने मागून घेतली, ती शाळेच्या व्हरांड्यात ठेवली आहे. जमलेली वर्गणी देणगीदारांना विचारून शाळेच्या ग्रंथालयाला दिली.

मोजमापं अर्धीच राहिली. डाव्या अंगाचा आकार, छपराची बांधणी, बाकं, इंजिनाची बैठक हे सगळं नोंदलेलं आहे. तळाचा नेमका आकार, म्हणजे मेस्त्रींच्या हातातलं खरं कौशल्य जिथे होतं, तो नाही. मेस्त्रींनी आठवणीवरून एक लहान प्रतिकृती करून दिली. ती सुंदर आहे. तिच्यावरून मोठी बोट बांधता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सेवा बंद झाली त्याच आठवड्यात लाँच वर चढवायला हवी होती. तेव्हा परवाना नुकताच संपला होता, तळ बऱ्यापैकी धड होता, खलाशी गावात होते. पुढे तिचं काय करायचं हे त्यानंतर निवांत ठरवता आलं असतं. पाण्यातल्या बोटीबद्दल निवांत काही ठरवता येत नाही. आता मला कोणी विचारलं तर पहिला प्रश्न मी हाच करतो: चर्चा चालू असताना बोट कुठे असेल आणि तळातलं पाणी रोज कोण काढेल? त्या माणसाचं नाव आणि मानधन ठरावात लिहून घ्या म्हणतो, आणि तो आजारी पडला तर दुसरा कोण, तेही.

मालकीच्या वादावरही तोडगा निघाला असता. हस्तांतर आणि शेड बाजूला ठेवून फक्त ‘वर चढवण्याच्या खर्चा’पुरता एक पानाचा करार करता आला असता: मंडळ ओढण्याचा खर्च देईल, संस्था परवानगी देईल, मालकी आहे तशीच राहील. त्याला सर्वसाधारण सभा लागली नसती. तेव्हा दोन्ही बाजू संपूर्ण योजनेवर भांडत होत्या, आणि तातडीचा भाग त्या योजनेत गुंतून पडला.

मच्छीमार सोसायटीला पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवं होतं. ओढयंत्र त्यांचं, उतार त्यांचा, पाळ्यांची वही त्यांची. मार्चमध्येच एक पाळी लिहून ठेवली असती तर त्यांनी ती पाळली असती. त्यांच्या अध्यक्षांनी पुढे मला तसं स्पष्ट सांगितलं. समितीत शिक्षक होते, बँकेतले होते, एक वास्तुविशारद होता. बोट ओढणारं कोणी नव्हतं.

मोजमापांबद्दल माझं मत आता पक्कं आहे. ती शेवटी उरलेलं काम म्हणून करायची नसतात. टेप, ओळंबा, सपाट फळी आणि दोन धीराची माणसं असली की तळ चिखलातही मोजता येतो, हळू जातो इतकंच. नाळेपासून मागच्या खांबापर्यंत ठरावीक अंतरावर पोटाची खोली घेत जायची, प्रत्येक माप दोघांनी लिहायचं, आणि कागद त्याच दिवशी गावाबाहेर एका ठिकाणी पाठवून द्यायचा.

आणि जेसीबी येण्याआधी मुदतवाढ मागायला हवी होती. बुडालेलं लाकूड खाऱ्या चिखलात आणखी दोन महिने राहिलं असतं तर फारसं काही बिघडलं नसतं. गणपतीत माणसं गावात आली असती, पाऊस ओसरला असता, आणि मेस्त्रींच्या पद्धतीने ती निदान एका तुकड्यात वर आली असती. मग मोडायची ठरली असती तरी आधी तळ मोजून घेता आला असता.